‘थांब आई, नवीन येतंय!’

ताई, नमस्कार. आमचे हे एसटीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे, मुलगी कोल्हापुरात आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्याकडे दादाचा जुना लॅपटॉप आहे, चार्जर काढला की बंद पडतो. सबमिशन जवळ आलं की मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन रात्र-रात्र काम करते. दादाने गणपतीत कबूल केलं की तुला ॲपलचा लॅपटॉप मी घेऊन देतो. तेव्हापासून ‘थांब, नवीन येतंय’ चाललंय. तो रोज त्या कंपनीच्याच बातम्या वाचत असतो. काय येणार, कितीला येणार, कंपनीला किती सुटणार. आता म्हणतो, कंपनीचं मार्जिन कमी होणार आहे, म्हणजे नवीन मॉडेल नक्की स्वस्त येणार. आणि ह्यांना म्हणतो, पुढच्या महिन्यात तुमची चार लाखांची एफडी सुटतेय, त्या पैशांतून त्याच कंपनीचे शेअर घ्या, नवीन वस्तू आल्या की भाव वाढणार. हे अर्धे तयार झालेत. मी बोलले की ‘आई, तुला त्यातलं काय कळतंय?’ खरंच मला कळत नाही. लेकीने थांबावं का? आणि पैसे घालावेत का?
— एक आई, सांगली

ताई, नमस्कार.

कळत नाही म्हणता, पण तुमच्याच पत्रातली दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. लॅपटॉप स्वस्त येणार, कारण कंपनीला कमी सुटणार. शेअर घ्या, कारण कंपनीला जास्त सुटणार. एकाच तोंडाने दोन्ही! आता हे दोन्ही एकदम खरं होऊच शकत नाही असं नाही. नगामागे कमी सुटलं तरी नग भरपूर खपले की एकूण नफा वाढतो, हे तुमच्या गणपती पेठेतला कुठलाही व्यापारी सांगेल. पण मग किती नग जास्त खपतील, हे चिरंजिवांना सांगता आलं पाहिजे. ते त्यांना सांगता येणार नाही. ॲपलने किती फोन विकले, किती लॅपटॉप विकले हे आकडे देणं २०१८ च्या नोव्हेंबरपासून बंदच केलंय.

‘मार्जिन घटणार म्हणजे वस्तू स्वस्त होणार’ हा हिशेब तुमच्या मुलाने शोधून काढलेला नाही. याच कंपनीबाबत तो जगभरातल्या शहाण्यांनी एकदा मांडला होता आणि तो कसा साफ चुकला, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरात आज जे चाललंय त्याची ती हुबेहूब नक्कल आहे.

साल २००८. पीटर ओपेनहायमर तेव्हा कंपनीचा पैशांचा कारभार बघायचे. २१ जुलैला तिमाहीचे निकाल सांगताना त्यांनी बॉम्ब टाकला. तोवर कंपनीचं ढोबळ मार्जिन ३५ टक्क्यांच्या जवळ होतं. ढोबळ मार्जिन म्हणजे शंभर रुपयांचा माल विकला तर माल बनवून पोचवण्याचा खर्च वजा जाता जे उरतं ते. संशोधन, पगार, जाहिराती, कर हे सगळं त्याच्यानंतर. तर ते म्हणाले, येत्या तिमाहीत हे ३१.५ वर येईल आणि पुढच्या वर्षात ३० च्या आसपास. का? तर एक कारण असं, की वस्तूंमध्ये एक बदल होतोय, ज्याबद्दल आज बोलता येणार नाही.

बास! एवढं वाक्य पुरलं. बाजार बंद झाल्यावर जे व्यवहार चालतात त्यांत शेअर लगेच खाली आला आणि पुढचे तीन महिने एकच चर्चा. मार्जिन सोडतायत म्हणजे भाव पाडणार. आठशे डॉलरचा मॅकबुक, म्हणजे ॲपलचा लॅपटॉप, येणार. कुणाच्या मते तर बोटाने चालणारी पाटीच येणार. सगळ्यांचं गणित वरवर बघता चोख होतं.

१४ ऑक्टोबर २००८ ला पडदा उघडला. ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेला नवा मॅकबुक आला, किंमत १,२९९ डॉलर. त्याच्या आधीचा १,०९९ पासून मिळत होता. म्हणजे नवीन मॉडेल दोनशे डॉलरने महाग! स्वस्तात हवा त्याला जुनाच पांढरा प्लास्टिकचा मॅकबुक शंभर डॉलर कमी करून ९९९ ला ठेवला होता. आठच दिवसांत कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स स्वतः तिमाहीचे निकाल सांगायच्या फोनवर आले आणि पाचशे डॉलरमध्ये भंगार नसलेला कॉम्प्युटर कसा बनवायचा ते आम्हाला येत नाही, अशा अर्थाचं बोलून गेले.

आणि मार्जिन? ज्या तिमाहीत ३१.५ होणार होतं तिथे निघालं ३४.७. ज्या वर्षात ३० होणार होतं तिथे कंपनीने वर्षअखेर ३६ च्या आसपास जाहीर केलं. म्हणजे मार्जिन घटलं नाही आणि लॅपटॉपही स्वस्त झाला नाही. ज्यांनी ‘थांब, आठशेला येतोय’ म्हणून जुलै-ऑगस्टमधली खरेदी ऑक्टोबरपर्यंत लांबवली, त्यांच्या हाती शंभर डॉलरची सूट मिळालेला जुनाच डबा. कंपन्या बाजाराला अंदाज सांगताना हात राखून सांगतात. कमी सांगून जास्त दाखवलं की कुणी शिव्या देत नाही. उलट झालं की शेअर आपटतो. हा साधा व्यवहार विसरून लोक त्या आकड्यातून वस्तूंची पत्रिका मांडत बसतात.

अंदाज उलट्या बाजूनेही चुकतो. आयपॅड येणार तेव्हा बोलबाला हजार डॉलरचा होता. २७ जानेवारी २०१० ला जॉब्स यांनी मागच्या पडद्यावर ९९९ हाच आकडा लावून ठेवला आणि मग ४९९ आणून आदळला. ज्यांनी महिनोन्‌महिने हजाराचा अंदाज पिकवला, त्यांनीच कंपनीची फुकटात जाहिरात करून दिली होती.

तुमचा मुलगा आणखी एक गोष्ट सांगत असेल, पैज लावते: ‘आई, हा फोन बनवायला तीस हजारही लागत नाहीत आणि विकतात लाखाला.’ हे आकडे येतात कुठून? काही संस्था नवा फोन विकत आणतात, उघडतात आणि एकेका सुट्या भागाची किंमत लावून बेरीज करतात. २०१७ च्या आयफोन टेनची अशी बेरीज आयएचएस मार्किटने ३७० डॉलर काढली होती आणि फोन विकला जात होता ९९९ ला. ऐकायला भयंकर वाटतं. पण ती फक्त सुट्या भागांची बेरीज. त्यात सॉफ्टवेअर नाही, वॉरंटीतली दुरुस्ती नाही, वाहतूक नाही, दुकानाचं भाडं नाही. संशोधनावर कंपनीने २०२४ च्या आर्थिक वर्षात ३१ अब्ज डॉलरच्या वर खर्च केला, तोही त्यात नाही. तेव्हा कंपनीचे प्रमुख असलेल्या टिम कुक यांनी २०१५ मध्ये सांगून टाकलं होतं की असा एकही हिशेब खऱ्याच्या जवळपास गेलेला मी पाहिलेला नाही. ते तसं म्हणणारच, हे धरूनही त्यात तथ्य आहे.

शिवाय कंपनी जे एकच मार्जिन सांगते ती सरासरी असते. २०२४ च्या त्याच आर्थिक वर्षात वस्तूंवर ढोबळ ३७ टक्के सुटले, तर सेवांवर, म्हणजे ॲपची दलाली, क्लाउडचं महिन्याचं भाडं वगैरे, जवळजवळ ७४ टक्के. एकूण सरासरी ४६.२. या सरासरीवरून एका लॅपटॉपची किंमत सांगणं म्हणजे एसटी महामंडळाचा वर्षाचा ताळेबंद वाचून सांगली-कोल्हापूरचं तिकीट ठरवणं. ही उपमा ह्यांच्यासमोर मुलाला ऐकवा, ह्यांना पटेल.

मुलावर अन्याय नको म्हणून त्याच्या बाजूचंही सांगते. थांबण्यात कधीच फायदा नसतो असं नाही. तेरा इंची मॅकबुक एअर २०२२ च्या जुलैत भारतात १,१९,९०० ला आला, २०२४ च्या मार्चमधला १,१४,९०० ला, आणि २०२५ च्या मार्चमधला ९९,९०० ला. म्हणजे खरंच उतरला. पण गंमत अशी की त्या वर्षी कंपनीचं एकूण ढोबळ मार्जिन घटलं नाही, वाढून ४६.९ झालं. किंमत उतरली आणि मार्जिन चढलं! तेव्हा या दोन गोष्टींना एका दावणीला बांधून चालत नाही.

आपल्याकडच्या किमतीत तर आणखी दोन-तीन हात असतात. २०२५ चा तोच एअर अमेरिकेत ९९९ डॉलरला होता, पण त्यात तिथला विक्रीकर धरलेला नसतो. आपल्या ९९,९०० मध्ये अठरा टक्क्यांनी पंधरा हजारांवर जीएसटी आत बसलेला होता. मग डॉलरचा भाव, आणि फोन असेल तर आयात शुल्क. २०२४ च्या जुलैतल्या अर्थसंकल्पात मोबाइलवरचं आयात शुल्क २० वरून १५ टक्क्यांवर आणलं, तेव्हा लोक हुरळले. आयफोन १५ उतरला किती? तीनशे रुपये. त्याची जुळणी इथेच होऊ लागली होती, त्यामुळे शुल्काचा फारसा संबंधच उरला नव्हता. त्याच वेळी बाहेरून येणारा १५ प्रो पाच हजारांनी उतरला. दिल्लीतली ही असली खबर पाश्चात्त्य अफवाबाजांच्या गावीही नसते, आणि तुमच्या मुलाचे बहुतेक गुरू तेच.

थांबायचंच असेल तर हाताशी तारीख असावी. फोनच्या बाबतीत ती असते. गेली काही वर्षं नवा आयफोन सप्टेंबरात येतो आणि त्याच दिवशी आदल्या वर्षीच्या साध्या मॉडेलची अधिकृत किंमत सुमारे दहा हजारांनी उतरते. १६ आला तेव्हा १५ उतरून ६९,९०० वर आला, १७ आला तेव्हा १६ त्याच ६९,९०० वर. ऑगस्टमध्ये कुणी मला विचारलं तर मी थांबाच म्हणेन. पण फेब्रुवारीत ‘सप्टेंबरपर्यंत थांब’ हा सल्ला नव्हे, टोलवाटोलवी झाली. लॅपटॉपचं तर वेळापत्रकच नाही. वर दिलेल्या तारखा बघा ना: एक जुलैत, पुढचा वीस महिन्यांनी मार्चमध्ये, त्यापुढचा बारा महिन्यांनी.

आणि कंपनीने स्वतः जाहीर केलेली वस्तूही येईलच असं नाही. २०१७ च्या सप्टेंबरात तीन उपकरणं एकदम चार्ज करणारी एअरपॉवर नावाची चटई व्यासपीठावरून दाखवली होती. २०१९ च्या मार्चमध्ये ‘जमत नाही’ म्हणून गुंडाळली. मग नुसत्या कुजबुजीचं काय घेऊन बसलात?

(कंपन्या एवढं गुपित का ठेवतात, हे त्याला विचारा. ॲडम ऑस्बर्न नावाचा एक गृहस्थ होता, बालपणाचा काही काळ तमिळनाडूत गेलेला. १९८१ मध्ये त्याने उचलून नेता येणारा कॉम्प्युटर काढला, तो धो धो खपला. मग पुढच्या मॉडेलबद्दल तो आधीच बोलून बसला, दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या आणि १९८३ च्या सप्टेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली असं सांगतात. कारणं आणखीही होती. पण ‘थांब, नवीन येतंय’ म्हणणारं गिऱ्हाईक हे कंपन्यांचं दुःस्वप्न असतं, एवढं खरं. तुमचा मुलगा तेच गिऱ्हाईक आहे.)

आता लेकीकडे येते. खरं तर पत्र इथूनच सुरू व्हायला हवं होतं. ॲपलचाच लॅपटॉप घ्यायचा, हे ठरवलं कुणी? दादाने. तिला कुणी विचारलं? आर्किटेक्चरची मुलं वरच्या वर्षांना गेली की बऱ्याच कॉलेजांत रेव्हिट लागतं, पुढे काहींना थ्रीडीएस मॅक्स, लुमिऑन. ही तिन्ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनवलेली आहेत, मॅकवर ती थेट चालत नाहीत. ऑटोकॅड आणि स्केचअप मॅकवर चालतात, पण त्यावर पाच वर्षं निघतील का, हे तिच्या कॉलेजवर अवलंबून. तेव्हा तिने उद्याच्या उद्या चौथ्या वर्षाच्या दोन-तीन सीनियरना गाठावं आणि तीन गोष्टी विचाराव्यात: तुमचे सर कोणत्या सॉफ्टवेअरमधली फाइल मागतात, तुमच्या मशीनमध्ये रॅम किती, आणि रेंडरला, म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र काढायला, लावल्यावर ते किती वेळ घेतं. उत्तर रेव्हिट-लुमिऑनकडे झुकलं तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला, निदान १६ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप घ्यायचा. रॅम पुढे वाढवता येते का, हे दुकानात विचारूनच. रेव्हिट, ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, कॉलेजचं ओळखपत्र लागतं. तसं झालं तर ॲपल काय आणतंय, कितीला आणतंय, हा प्रश्न तुमच्या घरापुरता मिटला.

सीनियर ‘मॅकवर भागतं’ म्हणाले, तर आज जो मिळतोय तो घ्या, विद्यार्थ्यांची सवलत मागा, बँकेच्या कार्डावर काय सूट आहे बघा. महिन्याभराने नवा आला आणि पाच-दहा हजारांचा फरक पडला तर पडू दे. दुसऱ्याच्या खोलीवर रात्री जागून केलेल्या सबमिशनचाही काही भाव असतोच की, आणि मुलगी रात्री-अपरात्री परत येते त्या रस्त्याचाही.

एफडीबद्दल मात्र माझं उत्तर सरळ ‘नको’ आहे. कंपनी वाईट आहे म्हणून नव्हे. मुलाला जी खबर मोबाइलवर फुकट कळली, ती न्यूयॉर्कमध्ये ज्यांचा हा पोटापाण्याचा धंदा आहे त्यांना त्याच्या आधी कळलेली असते, आणि शेअरच्या आजच्या भावात ती केव्हाच मुरलेली असते. उद्या वस्तू खरोखर आली, चांगली आली, तरी भाव वर जाईल याची खात्री नाही. लोकांची अपेक्षा त्याहून जास्त असेल तर खालीच येईल. त्यात डॉलरची चढउतार आहेच. कागदपत्रांचाही व्याप आहे. परदेशी शेअर नावावर आले की ह्यांना आयकराचा आयटीआर-१ हा सोपा फॉर्म भरता येणार नाही, परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दर वर्षी नोंद करावी लागेल, कितीही थोडे शेअर असले तरी. लाभांश मिळेल तो तुटपुंजा, आणि त्यातले पंचवीस टक्के अमेरिकेत आधीच कापले जातील. पेन्शनवर चालणाऱ्या घरातल्या चार लाखांसाठी एवढी दगदग कशाला? ह्यांची साठी झाली असेल तर पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा चालू व्याजदर विचारून या, व्याज दर तिमाहीला हातात पडतं. नाहीतर एफडी पुन्हा ठेवा, आणि फॉर्म भरताना नॉमिनीचं नाव तपासा.

मुलाला हौस असेल तर त्याने स्वतःच्या पगारातून घ्यावेत. गेले तरी ईएमआय चुकणार नाही, एवढ्याच रकमेचे. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. त्याचा नाद वाईट नाही. दारू-पत्त्यांपेक्षा कितीतरी बरा, डोकं चालतं त्याचं. फक्त स्वतःचा अंदाज वर्षभराने तपासायची सवय त्याला नाही, आणि ती अफवा पिकवणाऱ्यांनाही नसते. म्हणून भांडू नका. एक जुनी वही त्याच्या हातात द्या आणि म्हणा, ‘मला कळत नाही, तू लिहून दे.’ काय येणार, कुठल्या महिन्यात, भारतात कितीला, मार्जिन किती. पेनने, तारीख घालून, खाली सही. ह्यांच्या कपाटात ठेवा. आकडे लिहायची वेळ आली की बोलण्यातला जोर कसा उतरतो ते बघाच. आणि बरोबर निघाले तर मोकळ्या मनाने शाबासकी द्या, तोही हक्क आहे त्याचा.

राहिलं कबूल केलेलं. लॅपटॉप कुठल्याही कंपनीचा ठरो, पैसे दादानेच द्यायचे, बहिणीला दिलेला शब्द आहे तो. सीनियरशी बोलणं झालं की तिने मॉडेलचं नाव आणि दुकानाचं कोटेशन त्याला पाठवावं, पुढच्या सबमिशनची तारीखही कळवावी. बिल तिच्या नावावर करून घ्या, म्हणजे वॉरंटीसाठी कोल्हापुरातल्या सेंटरला तिला एकटीला जाता येईल.